झुंजार कोणता? : मराठी रहस्यकथा आणि आपले वाचन

१

मराठी समीक्षेने जी पुस्तके कधी उघडून पाहिली नाहीत, त्यांत रहस्यकथांचा क्रमांक वरचा आहे. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, नारायण धारप ही नावे एस. टी. स्टँडावरच्या हमालाला ठाऊक होती. मराठीच्या वर्गात मात्र ती क्वचितच उच्चारली गेली. वाङ्मयेतिहासाने त्यांना फार तर एखादा परिच्छेद दिला आणि 'रंजनपर' असा शिक्का मारून पुढची वाट धरली.

गेल्या वर्षी नांदेडच्या एका विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी हा विषय घ्यायचे ठरवले. त्याला दोन प्रकारचे सल्ले मिळाले. एका प्राध्यापकांनी सांगितले, हे साहित्यच नव्हे. आपल्याच चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सांगितले, आपल्या पोराने असल्या पुस्तकांत वेळ दवडू नये, त्यापेक्षा 'जातिसंस्थेचे निर्मूलन' पुन्हा वाचावे. दोघांच्या भूमिका परस्परविरोधी, पण निष्कर्ष एकच: हे वाचू नका, यावर बोलू नका. तो विद्यार्थी माझ्याकडे आला, म्हणून हे टिपण लिहितो आहे.

अलीकडे काही मित्र या पुस्तकांना कौतुकाने 'अस्पृश्य साहित्य' म्हणू लागले आहेत. प्रस्थापितांनी त्यांना पंगतीला बसवले नाही, तेव्हा ती आपलीच, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो मान्य नाही. अस्पृश्यता ही उपमा नव्हे; ती भोगलेल्या माणसांचे अनुभवविश्व आहे, ते पुस्तकाच्या मुखपृष्ठाला चिकटवता येणार नाही. शिवाय समीक्षकाने दाराबाहेर ठेवलेले पुस्तक गावकुसाबाहेरच्या माणसाच्या बाजूचे असतेच असे नाही. बाहेर ठेवले गेलेलेही आपल्याहून खालच्याला बाहेर ठेवतात, ही या देशाची जुनी रीत आहे. म्हणून या पुस्तकांना कवटाळण्याआधी आणि फेकून देण्याआधीही त्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे: तुमच्या जगात गुन्हेगार कोण आहे, आणि भीती कोणाची आहे?

२

आधी त्यांचे ऋण मान्य करू.

१९७२ च्या दुष्काळानंतर मी लातूरला वसतिगृहात राहून शिकत होतो. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. स्वतंत्र जिल्हा तो १९८२ साली झाला. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड. दुकाळी कामावर खडी फोडलेले आणि सुकडी खाऊन वाढलेले हात पहिल्यांदाच पुस्तक धरत होते. गंजगोलाईच्या परिसरात कादंबऱ्या भाड्याने देणारे टपरीवजा दुकान होते. जाड्याभरड्या कागदावर छापलेली, खिशात मावेल अशा आकाराची, मुखपृष्ठावर पिस्तूल आणि बाई असलेली ती पुस्तके एका रात्रीसाठी मिळत. एक पुस्तक चौघांत फिरे. ज्याची पाळी शेवटची त्याला पहाटे वाचावे लागे. क्रमिक पुस्तक वाचताना बोट ठेवून अक्षर लावणारी मुले ही पुस्तके झपाझप वाचू लागली. वाचनाचा वेग ही सवर्ण घरातून आलेल्या मुलाला वारसाने मिळणारी गोष्ट होती. आमच्यातल्या कित्येकांना ती अर्नाळकर-नाईकांनी दिली. पुढे बाबासाहेबांचे ग्रंथ आम्ही सलग वाचू शकलो, त्यामागे ही तालीम होती, हे मी आज कुणाचीही भीड न बाळगता सांगतो.

ही परंपरा समजून घ्यायला हवी. गो. ना. दातारशास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सच्या आधाराने रहस्यमय कादंबऱ्या लिहिल्या. पुढे बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, या मुंबईत चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या माणसाने एकट्याने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही त्यांची पात्रे. १९९६ साली ते वारले. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने भय, गूढ आणि अद्भुत यांना हक्काची जागा दिली. १९७० च्या सुमारास गुरुनाथ नाईक लिहू लागले. ते मूळचे गोव्याचे. त्यांच्या गोलंदाज, गरुड, शिलेदार, रातराणी अशा मालिका निघाल्या आणि पुस्तकांची संख्या बाराशेच्या घरात गेली. हे नाईक पुढे काही काळ आपल्या लातुरात दैनिक 'एकमत'मध्ये संपादनाचे काम करीत होते, हे आज लातूरच्याही थोड्यांना आठवते. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

पानामागे पैसे मोजून घेणारा, महिन्याला अनेक पुस्तके लिहिणारा हा लेखक एका अर्थी कामगारच होता. त्याच्या श्रमाचा उपहास करणे आपल्याला शोभणार नाही. पण श्रमाचा आदर निराळा आणि त्या श्रमातून जे मूल्य पेरले गेले त्याची तपासणी निराळी.

३

रहस्यकथेची रचना साधी असते. प्रेत सापडते, गुन्हेगार अज्ञात असतो, शोधक हुशार असतो, आणि शेवटच्या पानावर नाव कळते. म्हणजे या कथेत अज्ञात असते ते गुन्हेगाराचे नाव आणि गृहीत असतो तो न्याय. नाव कळले की न्याय झालाच असे वाचक समजतो. बेड्या पडतात आणि पुस्तक मिटते.

आता ही रचना आपल्या जगण्यावर ठेवून पाहा. ४ ऑगस्ट १९७८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना जमावाने ठार मारले. विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलैला केला होता. त्याला पुरते दहा दिवसही झाले नव्हते. मराठवाड्यात वस्त्या जळत होत्या. यात रहस्य कोणते होते? मारणारे गावचे होते, मार खाणाराही गावचाच होता, आणि हेतू तर वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छापलेला होता. आपल्याकडे गुन्हेगार ज्ञात असतो आणि न्याय अज्ञात असतो. रहस्यकथा नेमकी उलटी करून ठेवली की दलितांवरच्या अत्याचाराची कथा तयार होते.

'हेतू' या शब्दापाशी तर ही उलटापालट स्पष्टच दिसते. रहस्यकथेतला गुप्तहेर सर्वांत शेवटी हेतू उलगडतो. त्याशिवाय कोडे सुटले असे तो मानत नाही. २००६ च्या सप्टेंबरात भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली विशेष न्यायालयाने खून सिद्ध मानले, आरोपींना शिक्षा दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम लागू होत नाही असे ठरवले. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही जातीचा हेतू मान्य केला नाही आणि फाशीच्या जागी जन्मठेप दिली. गुन्हा सापडला, गुन्हेगार सापडले, हेतू तेवढा सापडला नाही. अर्नाळकरांचा वाचक असा शेवट असलेले पुस्तक दुकानदाराच्या तोंडावर फेकून आला असता. त्याने म्हटले असते, शेवटचे पान फाटलेले आहे.

४

गुन्हेगाराच्या नावाकडे पुन्हा वळू. पांढरपेशा वाचकाला गुन्हेगार अज्ञात ठेवण्यात मौज वाटते, कारण संशय त्याच्या दारात कधी आलेला नसतो. ज्यांच्या दारात तो रोज येतो त्यांचे काय?

इंग्रजीतली आरंभीची एक गाजलेली गुन्हेगारी कादंबरी आपल्या भागाशी संबंधित माणसाने लिहिली, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली निघाली. पुढे १८५३ नंतर त्याने नळदुर्गला राहून जिल्ह्याचा कारभार पाहिला. नळदुर्ग आज धाराशिव जिल्ह्यात आहे, लातूरहून दूर नाही. त्या कादंबरीतला ठग आपली कहाणी साहेबाला सांगतो. साहेब ऐकतो, लिहून घेतो, आणि एक अख्खा समूह जन्मानेच खुनी असतो ही समजूत लंडनच्या दिवाणखान्यात पोचते. १८७१ साली याच समजुतीचा कायदा झाला: गुन्हेगार जमातींचा कायदा. १९११ आणि १९२४ साली त्याची व्याप्ती वाढली. त्याखाली कितीतरी जमातींच्या नावापुढे जन्मत:च गुन्हेगार असे लिहिले गेले. हजेरी आली, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, पण पोलिसांच्या मनातला हजेरीपट कुणी रद्द केला नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून झुंजारकडे पाहावे. झुंजार कायदा मोडतो. काळा पहाडही मोडतो. दुष्टांना लुटायचे, पीडितांना सोडवायचे आणि पोलिसांना चकवायचे, ही या नायकांची रीत. वाचकाला ते आवडतात, मलाही आवडत. परंतु हे नायक कायदा मोडू शकतात ते त्यांच्यावर कुणी जन्मत:च संशय घेत नाही म्हणून. अंगावर चांगले कपडे, दिमतीला मोटार, बोलण्यात अदब. पोलीस अधिकारी त्यांच्यावर चिडतात, पण मनातून त्यांना मानतात. अशा माणसासाठी चोरी हे शौर्य असते, कारण तो चोर नसता तरी त्याचे काही अडले नसते.

आता लातूरच्याच मातीतले दुसरे पुस्तक घ्या. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते आत्मकथन आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती मराठीतली एक महत्त्वाची गुन्हेगारी कथाही आहे, असे मला वाटते. त्यात चोरी आहे, खिसे कापण्याचे शिक्षण आहे, पोलीस आहेत, टोळी आहे. रहस्य तेवढे नाही. चोरी कोण करतो हे पहिल्याच पानापासून ठाऊक असते, आणि पुस्तक प्रश्न निराळाच विचारते: या माणसाला दुसरे काय करू दिले? पोलिसांचा मार सोसता यावा म्हणून घरचेच लेकरांना मारून तयार करतात, हे वाचताना कुठल्याही भयकथेपेक्षा अधिक भीती वाटते. झुंजारची चोरी निवडलेली आहे. इथली चोरी लादलेली आहे. झुंजारला पोलीस पकडू शकत नाहीत. इथे चोरी न करताही पकडतात. तेच एस. टी. स्टँड, तीच जत्रेची गर्दी, तेच खिसे. पुस्तकाची बाजू तेवढी बदलली. गंजगोलाईत भाड्याने पुस्तक घेऊन वाचणाऱ्या माझ्या शेजारून कदाचित याच कथेतली माणसे जात असतील, आणि माझ्या हातातल्या पुस्तकात त्यांना जागा होती ती फक्त 'एक संशयित इसम' म्हणून.

५

कुणी म्हणेल, लोकप्रिय कादंबरीकडून ही अपेक्षाच चुकीची; तिने करमणूक करावी, एवढेच. याला उत्तर आपल्याकडे आहे आणि ते अण्णाभाऊ साठे यांचे आहे.

अण्णाभाऊंनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. पाठलाग, झुंज, सूड, वेषांतर, प्रेम, घोडा, तलवार हे सगळे त्यांत आहे. त्यांचाही वाचक एस. टी. स्टँडावरचा, गिरणीतला, वस्तीतला होता. त्यांनाही समीक्षेने दीर्घकाळ 'भडक', 'बटबटीत' याच विशेषणांनी मोजले. पण त्यांनी लोकप्रिय कथेची सर्व हत्यारे घेऊन बाजू बदलली. 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. सरकारदप्तरी फकिरा दरोडेखोर आहे. कादंबरीत तो दुष्काळात उपाशी मांगवाडा जगवायला धान्य लुटतो. हजेरीचा जाच इथे कथेचा तपशील म्हणून येत नाही. संघर्ष त्यातूनच पेटतो. वाचकाचे काळीज जसे झुंजारसाठी धडधडते तसेच फकिरासाठी धडधडते, पण पुस्तक मिटल्यावर तो सरकारकडे, पाटलाकडे, कोठाराच्या कुलपाकडे निराळ्या नजरेने पाहतो. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. 'झुंजार' हा शब्द मराठी वाचकाच्या मनात त्या काळी अर्नाळकरांच्या नायकाचा होता. अण्णाभाऊंनी तो तिथून उचलून त्याच्या खऱ्या धन्याला दिला, असे मी समजतो. हेतुपुरस्सर असो वा नसो, शब्दाची मालकी बदलली.

म्हणून 'ही तर करमणूक' ही सबब टिकत नाही. रंजन आणि बांधिलकी एका पुस्तकात नांदू शकतात, हे मातंग वस्तीतून आलेल्या, शाळा जवळजवळ न पाहिलेल्या माणसाने दाखवून दिले आहे.

६

भयकथेचा विचार निराळा करावा लागतो. इथे नारायण धारप हे नाव सर्वांत मोठे. १९२५ ते २००८ हा त्यांचा काळ. विज्ञान शिकलेला हा लेखक आयुष्यभर अमानवी शक्तींबद्दल लिहीत राहिला. त्यांचे 'समर्थ' हे पात्र दोन पिढ्यांच्या वाचकांनी जिवाशी धरले. 'लुचाई'सारख्या कादंबरीत त्यांनी स्टीफन किंगची कल्पना घेऊन ती मराठी गावात रुजवली. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा होती. त्यांची पुस्तके आज मराठवाड्यातल्याच साकेत प्रकाशनाकडून मिळतात आणि माझे विद्यार्थी ती वाचतात. धारपांची भाषा संयत आहे. अंधार, वास, थंडी, दाराची फट अशा लहान गोष्टींतून ते भीती वाढवत नेतात. हे कसब आहे आणि आपल्या कथाकारांनी ते शिकावे.

पण भयकथेतली भीती कशाची असते? बहुधा एखाद्या मध्यमवर्गीय माणसाला दूरच्या नातेवाइकाचा जुना वाडा वारसाने मिळतो. वाड्यात बंद खोली असते. पूर्वजाने केलेले काही पाप तिथे दडलेले असते. ही मांडणी या प्रकारात इतकी रुळलेली आहे की वाचकाला तिचे नवल वाटत नाही. मला मात्र तीत एक सत्य दिसते, लेखकाच्याही नकळत आलेले. वाडा पापावर उभा असतो, हे ही कथा कबूल करते! फक्त ते पाप कुणावर केले, याचे उत्तर ती पिशाचावर ढकलते. त्या वाड्याच्या भिंती कुणी बांधल्या, अंगणातली मेलेली ढोरे कुणी ओढली, पायात कुणाला गाडले, हे विचारले तर मांत्रिकाची गरज उरत नाही. आम्हाला वारसाने वाडा मिळाला नाही. आम्हाला महारकी, येसकरकी, भाकरीची पाटी मिळाली. आमच्या वारशात बंद खोली नव्हती. आमच्यासाठी सगळे गावच बंद होते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडची भुतेदेखील जात पाळतात. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, मुंजा मुंज झालेल्या पोराचा, खवीस मुसलमानाचा, असे लोक सांगत आले. देह जळाला तरी जात जळत नाही, ही वर्णव्यवस्थेची परमावधी आहे. भयकथेने ही भुतावळ जशीच्या तशी उचलली आणि बहुतेक वेळा तिच्या उतरंडीकडे पाहिलेही नाही. ज्यांनी १९५६ साली बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातले देव विसर्जित केले, त्यांनी हडळ-मुंजा मानायचे कारण नाही. परंतु भूत न मानणे निराळे आणि भय न जाणणे निराळे. आमचे भय वास्तव होते, आणि त्या भयाची कथा लिहिली गेली आहे.

अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा मी विद्यार्थ्यांना भयकथा म्हणून शिकवतो. अंधारी रात्र, स्मशान, उकरलेले प्रेत, कोल्ह्यांचा कळप, प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे: भयकथेची सारी सामग्री तिच्यात आहे. पिशाच नाही. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा प्रेतांच्या राखेतले, तोंडातले सोने शोधून कुटुंब जगवतो. बोटे तोडावी लागतात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. मेलेला माणूस जिवंताला छळतो, हे भयकथेचे ठरलेले सूत्र. इथे जिवंत भूक माणसाला मेलेल्याकडे पाठवते. 'नवल'च्या पानांवरच्या कितीतरी कथा मी विसरलो. ही विसरता येत नाही, कारण हिच्यातली भीती दिवा लावल्याने जात नाही.

७

विज्ञानकथा ही या तिघींत सर्वांत प्रतिष्ठित. तिला मराठी विज्ञान परिषदेचा आधार मिळाला, शास्त्रज्ञ लेखक मिळाले. १९७४ साली जयंत नारळीकरांनी परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. २०२५ साली ते गेले तेव्हा हा किस्सा पुष्कळांनी सांगितला. ही त्यांची सचोटी होती, तिला नमस्कार. पण आपल्या वाचकाला याच वेळी बाबूराव बागुलांचा १९६३ चा कथासंग्रह आठवावा: 'जेव्हा मी जात चोरली होती'. एकाला नाव लपवावे लागते कारण ते फार मोठे आहे. दुसऱ्याला जात लपवावी लागते कारण ती कळली तर अंगावर मार पडतो. टोपणनाव ही गोष्ट दोन समाजांत किती निरनिराळ्या किमतीला मिळते!

विज्ञानकथेने अंधश्रद्धेवर प्रहार केला, विवेकाची बाजू घेतली; ती आपली मित्र आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार वेगळी. तिच्या भविष्यकाळात जात कुठे जाते? अंतराळयाने येतात, यंत्रमानव येतात, परग्रहावरचे पाहुणे येतात. जातीचे निर्मूलन कधी झाले, कुणी केले, किती रक्त सांडून केले, याचा उल्लेख क्वचित सापडतो. ती जणू पृथ्वीच्या कक्षेबाहेर पडताना आपोआप गळून पडली. इकडे हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली पुन्हा झाला, आणि गटारात गुदमरून मरणारी माणसे अजूनही त्याच जातींची आहेत. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात गटारात माणूस उतरतो. याहून विलक्षण विज्ञानकथा कुणी कल्पिली आहे काय? आपल्यातल्या तरुणाने हा विषय घ्यावा. बाबासाहेबांनी घडवू पाहिलेला समाज हीही एक भविष्याची कल्पना आहे. तिच्या वाटेवरची यंत्रे, कायदे, माणसे, अडथळे यांची कथा मराठीत लिहिली जायची आहे.

८

तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी काय सांगितले? विषय घे, असे सांगितले. वाच, पण उपकृत होऊन वाचू नकोस आणि तुच्छतेनेही वाचू नकोस. प्रत्येक पुस्तकाच्या समासात तीन गोष्टी टिपत जा. संशय पहिल्यांदा कुणावर येतो? पोलीस कुणाशी अदबीने बोलतात? गावाचे वर्णन येते तेव्हा गावकुसाबाहेरची वस्ती त्या नकाशात आहे की नाही? एवढ्या तीन नोंदींतून मराठी मध्यमवर्गाच्या मनाचा जो पंचनामा होईल, तो गंभीर म्हणवणाऱ्या कादंबऱ्यांतून होणार नाही. गंभीर लेखक सावध असतो. घाईने लिहिणारा लेखक समाजाच्या मनात जे आहे तेच कागदावर उतरवतो.

ही पुस्तके झपाट्याने नाहीशी होत आहेत, हेही त्याला सांगितले. भाड्याने देणारी दुकाने बंद झाली. नांदेडच्या वजिराबादच्या रस्त्यावर रद्दीच्या भावाने ती मी विकली जाताना पाहिली आहेत. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी ती कधी घेतलीच नाहीत. ज्या पुस्तकांनी आमच्या एका पिढीला वाचायला शिकवले त्यांची एकेक प्रत तरी एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात, 'उचल्या' आणि 'फकिरा' यांच्या शेजारच्या फळीवर ठेवली पाहिजे. शेजारीच ठेवली पाहिजे, म्हणजे पुढचा वाचक दोन्ही हातांत दोन पुस्तके धरून विचारेल की यातला झुंजार कोणता.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक मागणे. आपण कविता लिहिली, आत्मकथने लिहिली; त्यांनी मराठीचा तोंडवळा बदलला. आता तपासाची कादंबरी लिहा. तिच्यात प्रेत पहिल्या पानावर असेल, गुन्हेगारांची नावे दुसऱ्या पानावर असतील. उरलेली दोनशे पाने फिर्याद नोंदवून घेण्यासाठी, पंचांनी सही करण्यासाठी, साक्षीदाराने साक्ष न फिरवण्यासाठी आणि निकालपत्रात हेतूचे नाव लिहिले जाण्यासाठी लागतील. वाचक शेवटपर्यंत श्वास रोखून राहील, याची खात्री मी देतो. शेवटचे पान कसे लिहायचे, हे मात्र लेखक एकटा ठरवू शकणार नाही. ते न्यायालयात, ठाण्यात आणि रस्त्यावर आपल्या सर्वांना मिळून लिहावे लागेल.